औपचारिक इंग्रजी लिहिताना मराठी कुठे आडवी येते आणि ती चूक कशी पकडायची

'मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय' हे वाक्य इंग्रजीत लिहायला दिलं, तर पदवी घेतलेला माणूसही बऱ्याचदा 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' असं लिहून मोकळा होतो. यात दोन चुका आहेत आणि दोन्ही मराठीतून आल्या आहेत. आपला 'पासून' काळाची सुरुवातही सांगतो आणि लांबीही: '2021 पासून' आणि 'दोन वर्षांपासून'. इंग्रजीत या दोन कामांना दोन शब्द आहेत. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', लांबी सांगायची तर 'फॉर'. दुसरी चूक क्रियापदाची. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काम सांगायला मराठीला 'करतोय' पुरतं, इंग्रजीला वेगळं रूप लागतं. म्हणून 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स' किंवा 'सिन्स 2021'.

मराठी माणसाच्या बहुतेक चुका अशाच असतात. इंग्रजीचा नियम पाठ असतो, पण लिहिताना हात मराठीच्या नियमाने चालतो. याची चांगली बाजू अशी की या चुका आधीच सांगता येतात. त्यामुळे व्याकरणाचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसण्यापेक्षा मराठी जिथे हमखास आडवी येते त्या दहा-बारा जागा पक्क्या करणं जास्त फायद्याचं.

पहिली पायरी: चुकांची वही

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर स्वतःचं चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर दुरुस्त वाक्य आणि खाली ठळक अक्षरात ज्या मराठी शब्दामुळे चूक झाली तो शब्द: 'पासून', 'जरी', 'च', 'ला', 'आहे'. वहीची विभागणी या मराठी शब्दांप्रमाणे करा, 'टेन्स', 'प्रिपोझिशन' अशा धड्यांप्रमाणे करू नका. लिहिताना डोक्यात धडा येत नाही, मराठी शब्द येतो, आणि धोक्याची घंटा त्याच क्षणी वाजायला हवी. प्रत्येक नोंदीखाली त्याच साच्याची तीन वाक्यं स्वतःच्या कामातली लिहा. पुस्तकातली राम आणि सीतेची वाक्यं इथे उपयोगी पडत नाहीत. रोज वीस मिनिटं पुरतात.

क्रियापद: 'आहे' आणि 'येईल' यांचा फास

'मी काल फॉर्म भरला आहे' हे मराठीत बिनचूक. इंग्रजीत 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म यस्टरडे' ही चूक, कारण 'हॅव' असलेल्या या रूपाला संपलेला काळ चालत नाही. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन 2022', 'ऑन 3 जून' यांपैकी काही वाक्यात आलं की 'हॅव' काढा: 'आय सबमिटेड द फॉर्म ऑन 3 जून'. तारीख नको असेल तर 'आय हॅव सबमिटेड द फॉर्म' बरोबर. अर्ज आणि तक्रारींत जवळजवळ प्रत्येक वाक्यात तारीख येते, म्हणून ही चूक तिथे सगळ्यात जास्त डोळ्यांत भरते.

'साहेब येतील तेव्हा कळवा.' इथे 'येतील' भविष्यकाळी आहे, म्हणून 'व्हेन ही विल कम' लिहिलं जातं. इंग्रजीत 'इफ', 'व्हेन', 'अंटिल', 'बिफोर', 'आफ्टर', 'ॲज सून ॲज' यांच्या पोटवाक्यात 'विल' येत नाही: 'प्लीज इन्फॉर्म मी व्हेन ही कम्स'. एक अपवाद मात्र नीट समजून घ्या. 'ते कधी येतील मला माहीत नाही' यात 'कधी' हा प्रश्न आहे, 'तेव्हा' नाही. तिथे 'आय डू नॉट नो व्हेन ही विल कम' हेच बरोबर. मराठीत 'जेव्हा' बसत असेल तर 'विल' काढा, 'कधी' बसत असेल तर ठेवा. ही कसोटी सहसा फसत नाही.

'मी सहमत आहे' यातल्या 'आहे'मुळे 'आय ॲम ॲग्री' येतं. 'ॲग्री' हे स्वतःच क्रियापद, त्याला 'ॲम'चा टेकू नको. 'मला दोन भाऊ आहेत' याचं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' होत नाही, 'आय हॅव टू ब्रदर्स' होतं. जाणणं, मालकी, गरज, आवड या स्थिती आहेत, क्रिया नाहीत. म्हणून 'नो', 'हॅव', 'ओन', 'नीड', 'प्रिफर', 'बिलाँग' यांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' चालतं, कारण तिथे 'हॅव' म्हणजे जेवणं, आणि ती क्रिया आहे.

आदरार्थी बहुवचन ही खास आपली अडचण. 'वडील आले आहेत', 'मॅडम म्हणाल्या' असं बोलणाऱ्याला 'माय फादर हॅज कम' लिहिताना वडिलांचा मान कमी केल्यासारखं वाटतं आणि 'हॅव' लिहिलं जातं. इंग्रजीत आदर क्रियापदाच्या वचनात नसतो. तो 'मिस्टर', 'डॉक्टर' अशा संबोधनांत असतो आणि 'कुड यू', 'वुड यू' अशा विचारण्याच्या पद्धतीत असतो. एक व्यक्ती म्हणजे एकवचन, मग ते राष्ट्रपती असोत.

'मुलाखत कधी आहे ते सांगाल का?' हे लिहिताना 'कुड यू टेल मी व्हेन इज द इंटरव्ह्यू' असं होतं. थेट प्रश्नात 'व्हेन इज' बरोबर, पण प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की क्रम साध्या विधानाचा होतो: 'व्हेन द इंटरव्ह्यू इज'. औपचारिक पत्रात आपण थेट प्रश्न क्वचितच विचारतो, आडून विचारतो. त्यामुळे हा क्रम रोज लागतो.

जोडीने येणारे शब्द

मराठीला जोड्या आवडतात: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. जोडीतला दुसरा शब्द आपण नकळत इंग्रजीतही ओढून नेतो. 'ऑल्दो द पेमेंट वॉज मेड, बट द रिसीट वॉज नॉट इश्यूड' यातला 'बट' जादा आहे. 'ॲज आय वॉज इल, सो आय कुड नॉट अटेंड' यातला 'सो' जादा आहे. दोन वाक्यं जोडायला इंग्रजीत एकच जोडशब्द लागतो. सुरुवातीला 'ऑल्दो' किंवा 'ॲज' आला की मध्ये फक्त स्वल्पविराम. 'डिस्पाइट ऑफ' हेही असंच: 'डिस्पाइट' एकटा येतो, 'ऑफ' हवा असेल तर 'इन स्पाइट ऑफ'.

'आजच', 'इथेच' यातल्या 'च'चा 'टुडे ओन्ली', 'हिअर ओन्ली' करू नका. जोर द्यायचा तर 'धिस व्हेरी डे' लिहा, नाहीतर नुसतं 'टुडे' पुरतं. 'ना?'साठी प्रत्येक वाक्याला 'इझन्ट इट' चिकटवणं बोलण्यात खपून जाईल, लिखाणात नाही.

आर्टिकल: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आर्टिकल म्हणजे नामाआधी येणारे 'अ', 'ॲन', 'द'. मराठीत आर्टिकल नाहीत, म्हणून ती गळतात किंवा भीतीपोटी कुठेही पडतात. 'कानाला बरं वाटेल ते लिहा' हा सल्ला ज्याचे कान इंग्रजीवर वाढलेत त्यालाच लागू पडतो. आपल्याला ठोस कसोटी हवी, आणि ती ही: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत उघडं उभं राहत नाही. त्याच्या आधी 'अ', 'ॲन', 'द', 'माय', 'धिस', 'एव्हरी' असं काहीतरी असायलाच हवं. 'आय ॲम अप्लाइंग फॉर पोस्ट ऑफ क्लार्क' यात 'पोस्ट' उघडं आहे. 'फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क' बरोबर, आणि 'क्लार्क' उघडं चालतं कारण पदाचं नाव 'पोस्ट ऑफ'नंतर तसंच येतं. 'बाय ट्रेन', 'ॲट होम', 'इन बेड' असे ठरलेले प्रयोग वेगळे पाठ करा. पत्र लिहून झाल्यावर फक्त नामांवरून बोट फिरवा आणि प्रत्येकाला विचारा: एकवचनी आहेस? मोजता येतोस? मग तुझ्या आधी कोण आहे? या एका फेरीत आर्टिकलच्या बऱ्याच चुका हाती लागतात.

पुढचा प्रश्न 'अ' की 'द'. इथे मराठीची मदत होते. 'एक गृहस्थ आले होते' असं आपण वाचणाऱ्याला नवीन असलेल्या माणसाबद्दल म्हणतो, आणि पुढच्या वाक्यात 'ते गृहस्थ' म्हणतो. तिथे 'अ जेंटलमन', मग 'द जेंटलमन'. कोणती वस्तू ते वाचणाऱ्याला कळणार असेल, तर 'द'. सगळ्यांबद्दल सर्वसाधारण विधान असेल तर अनेकवचन आणि आर्टिकल नाही: 'स्टुडंट्स नीड टाइम'. तिथे 'द स्टुडंट्स' लिहिलं तर ठरावीक विद्यार्थी असा अर्थ होतो.

'अ' की 'ॲन' हे ठरवायला देवनागरीसारखं साधन नाही. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने झाला तर 'अ'. 'अवर' स्वराने सुरू होतो, म्हणून 'ॲन अवर', जरी रोमन लिपीत सुरुवातीला 'एच' असला तरी. 'युनिव्हर्सिटी' 'य'ने, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. 'वन-इयर कोर्स' 'व'ने, म्हणून 'अ वन-इयर कोर्स'. 'एमबीए' आणि 'एक्स-रे' 'ए'ने, म्हणून 'ॲन'. इंग्रजी स्पेलिंग उच्चार लपवतं, देवनागरी तो दाखवते.

विशेषनामांत नद्या आणि डोंगररांगांना 'द' लागतो, एकट्या शिखराला आणि शहराला लागत नाही: 'द गोदावरी', 'द सह्याद्रीज', पण नुसतं 'कळसूबाई', नुसतं 'नाशिक'. 'ऑफ' असलेल्या विद्यापीठाच्या नावाला 'द', नसलेल्याला सहसा नाही: 'द युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई', पण 'मुंबई युनिव्हर्सिटी'. देशांपैकी 'द युनायटेड किंगडम', 'द युनायटेड स्टेट्स', 'द नेदरलँड्स' लक्षात ठेवा.

मोजता न येणारी नामं वेगळ्या पानावर लिहा: 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'इक्विपमेंट', 'फर्निचर', 'लगेज', 'एव्हिडन्स', 'फीडबॅक', 'होमवर्क'. यांना 'एस' लागत नाही आणि 'ॲन'ही लागत नाही. 'माहिती' आपण मराठीतही मोजत नाही, पण 'सल्ले' मोजतो, म्हणून 'ॲडव्हायसेस' जास्त वेळा चुकतं. एकच सल्ला सांगायचा तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. शंका आली की इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा. त्यात नामापुढे मोजता येणाऱ्यासाठी 'सी' आणि न येणाऱ्यासाठी 'यू' अशी खूण असते. साध्या इंग्रजी–मराठी शब्दकोशात ती सहसा मिळत नाही.

देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे तीही सुटतात. वार, महिने, भाषा, राष्ट्रीयत्व यांना मोठं अक्षर. ऋतूंना आणि 'फिजिक्स'सारख्या विषयांना लहान, पण 'इंग्लिश', 'मराठी' हे विषय भाषा आहेत, म्हणून मोठं.

'ला', 'शी', 'वर': विभक्तीचं इंग्रजी

'तिचं लग्न डॉक्टरशी झालं' यातल्या 'शी'ला 'विथ' समजून 'मॅरीड विथ' होतं, बरोबर 'मॅरीड टू'. 'माझ्यावर रागावले' यातल्या 'वर'मुळे 'अँग्री ऑन', बरोबर 'अँग्री विथ'. 'मला समजावून सांगा' याचं 'एक्सप्लेन टू मी', पण 'मला सांगितलं' याचं 'टोल्ड मी', मध्ये 'टू' नाही. मराठीत दोन्हीकडे 'ला', इंग्रजीत एकीकडे 'टू', एकीकडे काहीच नाही. प्रत्येक क्रियापद त्याच्या शेपटीसकट पाठ करण्याला इथे पर्याय नाही.

एक साचा मात्र बराच भार हलका करतो. काही शब्द क्रियापद म्हणून आले की शब्दयोगी लागत नाही, नाम म्हणून आले की लागतो. 'डिस्कस द मॅटर', पण 'अ डिस्कशन अबाउट द मॅटर'. 'रिक्वेस्ट अ सर्टिफिकेट', पण 'अ रिक्वेस्ट फॉर अ सर्टिफिकेट'. 'एम्फसाइज द पॉइंट', पण 'एम्फसिस ऑन द पॉइंट'. 'डिस्कस अबाउट' ही चूक या दोन रूपांच्या सरमिसळीतून जन्मते.

वाक्प्रचार आणि शब्दांच्या जोड्या

मराठी म्हणी-वाक्प्रचार तीन प्रकारचे निघतात. काहींना इंग्रजीत तसाच जुळा भाऊ आहे: एका दगडात दोन पक्षी, नक्राश्रू, डोळ्यांत धूळ फेकणं. हे शब्दशः गेले तरी चालतात, फक्त इंग्रजीतला ठरलेला साचा वापरा: 'किल टू बर्ड्स विथ वन स्टोन', 'क्रोकोडाइल टिअर्स'. काहींचा अर्थ सारखा, चित्र वेगळं. 'नाचता येईना अंगण वाकडं' तिकडे 'अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स' होतं, म्हणजे अंगणाच्या जागी कारागिराची हत्यारं येतात. तिसऱ्या प्रकाराला जोड नाही. 'पाण्यात पाहणं' याचं भाषांतर करायला जाऊ नका, 'रिझेंट' हे एक क्रियापद वापरा आणि पुढे चला.

इंग्रजी वाक्प्रचार गोठलेला असतो. 'हिट द नेल ऑन द हेड' यातला एकही 'द' काढता येत नाही, 'नेल'चं अनेकवचन करता येत नाही. शिवाय प्रत्येकाची पातळी असते. 'किक द बकेट' म्हणजे मरणं हे कोशात दिसतं, पण ते थट्टेतलं आहे. शोकसंदेशात 'पास्ड अवे' किंवा साधं 'डाइड' लिहा. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आता जुनाट वाटतं. औपचारिक पत्रात वाक्प्रचार जवळजवळ नकोतच. वाचताना ओळखता यावेत म्हणून शिका.

खरी गरज असते ती नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दांची. 'परीक्षा देणं' म्हणून 'गिव्ह ॲन एक्झाम' लिहिलं तर बाहेरच्या वाचकाला तुम्ही परीक्षक वाटता. विद्यार्थी 'टेक' किंवा 'सिट' करतो. 'मला एक शंका आहे' म्हणून 'आय हॅव अ डाउट' लिहिलं तर समोरच्याच्या म्हणण्यावर तुमचा विश्वास नाही असा अर्थ निघू शकतो. हवं असतं 'आय हॅव अ क्वेश्चन'. चूक 'मेक' होते, 'डू' नाही. लक्ष 'पे' केलं जातं. दिवा 'क्लोज' होत नाही, 'टर्न ऑफ' होतो.

दोन शब्दी क्रियापदं बोलण्यात छान, पत्रात एकशब्दी बरी: 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन', 'कॉल ऑफ'ऐवजी 'कॅन्सल'. वापरलीच तर सर्वनामाची जागा सांभाळा: 'कॉल इट ऑफ', पण 'लुक इंटू इट'. उलट टोकालाही जाऊ नका. 'युटिलाइझ', 'कमेन्स' यांनी पत्र भारदस्त होत नाही, 'यूज' आणि 'बिगिन' चांगले आहेत.

पत्राचा सांगाडा

मराठी अर्ज 'महोदय'ने सुरू होऊन 'आपला विश्वासू'ने संपतो. ब्रिटिश पद्धतीत नाव माहीत नसेल तर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि शेवटी 'युअर्स फेथफुली', म्हणजे अक्षरशः 'आपला विश्वासू'. नाव माहीत असेल तर 'डिअर मिझ पाटील' आणि 'युअर्स सिन्सिअर्ली'. अमेरिकेत दोन्हीकडे नुसतं 'सिन्सिअर्ली' चालतं. 'युअर्स'मध्ये ॲपॉस्ट्रॉफी नाही, आणि 'फेथफुली'चं पहिलं अक्षर लहान.

मोठा फरक क्रमाचा. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि अर्जातही आधी पार्श्वभूमी, मग कारणं, मग 'तरी विनंती की'. इंग्रजी वाचक पहिल्या वाक्यात मागणी शोधतो. ती तिसऱ्या परिच्छेदात असेल तर पत्र पुन्हा वाचावं लागतं. म्हणून पहिलं वाक्य मागणीचं, दुसरा परिच्छेद तपशिलाचा, शेवटचा परिच्छेद कोणी काय करायचं याचा. आता हा मसुदा पाहा:

'रिस्पेक्टेड सर, ॲज आय हॅव पास्ड आउट फ्रॉम युअर कॉलेज इन 2022 सो आय ॲम रिक्वायरिंग ट्रान्सक्रिप्ट फॉर ॲडमिशन इन फॉरेन युनिव्हर्सिटी. आय हॅव पेड फी ऑन 3 जून. काइंडली डू द नीडफुल अँड रिव्हर्ट बॅक.'

आणि दुरुस्त केल्यावर:

'डिअर सर ऑर मॅडम, आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट अ ट्रान्सक्रिप्ट ऑफ माय मार्क्स. आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम द कॉलेज इन 2022 अँड ॲम अप्लाइंग टू अ युनिव्हर्सिटी ॲब्रॉड, विच नीड्स द डॉक्युमेंट बाय 30 जून. आय पेड द फी ऑन 3 जून. द रिसीट इज अटॅच्ड. कुड यू प्लीज लेट मी नो व्हेन द ट्रान्सक्रिप्ट विल बी रेडी? युअर्स फेथफुली,'

'डू द नीडफुल' हा जुन्या ब्रिटिश कचेऱ्यांतला प्रयोग आपल्याकडे टिकून राहिला. भारतात तो कळतो, पण त्यात नेमकं काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. तो काढायचं खरं कारण हेच. 'रिव्हर्ट'चा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणं, उत्तर देणं नव्हे, आणि त्यापुढचा 'बॅक' तर दुप्पट जादा. 'पास आउट' म्हणजे बाहेरच्या बहुतेक वाचकांना बेशुद्ध पडणं वाटेल. 'प्रीपोन' भारतात बिनधास्त वापरा, परदेशी पत्रात 'ब्रिंग फॉरवर्ड' लिहा. आकडेही वाचकाप्रमाणे बदला: आपले 12,50,000 तिकडे 1,250,000 असे लिहिले जातात, आणि 05/04/2025 ही तारीख आपल्याला 5 एप्रिल तर अमेरिकेत 4 मे. महिना अक्षरांत लिहिला की प्रश्न मिटतो.

तपासणी: एका वेळी एकच गोष्ट

सगळ्या चुका एकदम शोधायला गेलं की डोळा अर्थाच्या मागे लागतो आणि चुका निसटतात. म्हणून चार फेऱ्या करा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदं: तारखेजवळ 'हॅव' आहे का, 'इफ'–'व्हेन'नंतर 'विल' आहे का. दुसरीत उघडी नामं. तिसरीत जोडशब्द, एका वाक्यात दोन तर नाहीत ना. चौथी फेरी शेवटच्या वाक्यापासून उलट, वरच्या दिशेने वाचायची, स्पेलिंग आणि मोठ्या अक्षरांसाठी. उलट वाचल्याने अर्थाचा ओघ तुटतो आणि नजर शब्दावर थांबते. दीडशे शब्दांच्या पत्राला चारही फेऱ्यांना मिळून पाच-सहा मिनिटं लागतात.

परदेशी जाणाऱ्यांचं इंग्रजी तपासणाऱ्या आयईएलटीएस परीक्षेचा 'जनरल ट्रेनिंग' हा एक प्रकार आहे. त्याच्या लेखन परीक्षेत 60 मिनिटांत किमान 150 शब्दांचं पत्र आणि किमान 250 शब्दांचा निबंध असतो, आणि निबंधाला पत्राच्या दुप्पट वजन असतं. म्हणून पत्राला 20 मिनिटं, निबंधाला 40, आणि दोन्हींत शेवटची तीन-चार मिनिटं तपासणीला राखून ठेवा. तेवढ्या वेळात चार फेऱ्या होणार नाहीत. तेव्हा पहिल्या दोनच करा, आणि नावाचं स्पेलिंग प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहा.